उंदराच्या अंगावरचा पावसाळा

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत विदर्भातल्या दवाखान्यांत तापाची गर्दी असते, यात नवं काही नाही. त्यातले काही रुग्ण डेंग्यूचे असतात, काही मलेरियाचे. 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत वेगळ्याच तापाचे बरेच रुग्ण निघाले. कुणाच्या काखेत, कुणाच्या जांघेत, कुणाच्या कमरेला एक काळी खपली होती. स्क्रब टायफस हे नाव तेव्हा घरोघरी पोचलं. असा आजार आला की पहिली मागणी होते ती उंदीर मारण्याची. मागणी चुकीची नाही, पण ती हमखास चुकीच्या महिन्यात होते. हा लेख त्या महिन्यांविषयी आहे. उंदराच्या अंगावर कोण बसतं, कधी बसतं, आणि ते हवेवर व जमिनीवर कसं ठरतं, हे कळलं की कोणतं काम केव्हा करायचं याचा उलगडा आपोआप होतो.

आधी त्या जिवाची ओळख. हा कोळ्याच्या आणि गोचिडाच्या नात्यातला. इंग्रजीत माइट म्हणतात, आपल्याकडचे आरोग्यसेवकही तोच शब्द वापरतात. त्याच्या पिल्लाला चिगर म्हणतात. मृगाचे पहिले सरवे पडले की मातीतून मखमली लाल किडा बाहेर येतो, मुलं तो तळहातावर घेतात. तो मृगाचा किडा आणि चिगर दूरचे भाऊबंद. मृगाचा किडा निरुपद्रवी. चिगर मात्र मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, नारिंगी ठिपक्यासारखा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. भारतात स्क्रब टायफस पसरवणारा मुख्य माइट म्हणजे लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स, आणि आजाराचा जिवाणू ओरिएन्शिया सुत्सुगामुशी.

या माइटच्या आयुष्यात परजीवी अवस्था एकच, ती पिल्लाची. सहा पायांचं पिल्लू उंदराच्या, घुशीच्या किंवा चिचुंद्रीच्या कानाच्या पाळीत तोंड खुपसतं, काही दिवस तिथे राहतं, पोट भरलं की गळून मातीत पडतं. त्यानंतरच्या अवस्थांना आठ पाय असतात. त्या जमिनीतच राहतात, बारीक किडे आणि त्यांची अंडी खाऊन जगतात. उंदराकडे किंवा माणसाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पिल्लू रक्त पीत नाही. लाळेने कातडीच्या पेशी विरघळवतं आणि तो रस शोषतं. आयुष्यात ते एकदाच असं जेवतं. मग एका उंदराकडून घेतलेला जिवाणू ते दुसऱ्याला कसं देणार? उत्तर असं की त्याला तो बहुतेक वेळा उंदराकडून मिळतच नाही. आईकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात असा तो वारशाने चालत येतो. आजाराचं खरं भांडार माइटच्या वंशातच आहे. उंदीर त्या वंशाला जेवू घालतो आणि इकडून तिकडे नेतो.

उंदराच्या अंगावर चिगर एकटा नसतो. लॅलॅप्स नावाचे तपकिरी, काटेरी केसांचे माइट त्याच्या केसांत आणि बिळातल्या गादीत बारमाही मुक्काम करतात. ऑर्निथोनिसस बॅकोटी हा रक्त पिणारा माइटही घरट्यातच राहतो, भूक लागली की उंदरावर चढतो, पोट भरलं की पुन्हा घरट्यात जातो. म्हणजे एकाच उंदरावर दोन तऱ्हेचे पाहुणे असतात. घरट्यातल्या माइटना बाहेरच्या हवेशी फारसं देणंघेणं नसतं, कारण बिळातली हवा वर्षभर बरीचशी सारखी असते. बाहेर चैत्रातलं ऊन तापलेलं असतानाही हातभर खोल बिळात ओल आणि गारवा टिकून राहतो, आणि उंदराच्या अंगाची ऊब असतेच. चिगरला ही सोय नाही. त्याचं घर उघड्या जमिनीचा वरचा थर आणि त्यावरचं गवत. त्यामुळे त्याची संख्या पावसाबरोबर चढते आणि कोरड्या हवेबरोबर उतरते. उन्हाळ्यात पकडलेला शेतातला उंदीर आणि भाद्रपदात त्याच बांधावर पकडलेला उंदीर यांच्या कानांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक दिसू शकतो.

पाऊस जूनमध्ये येतो आणि चिगरचा जोर ऑगस्टनंतर दिसतो, हा उशीर का? या जिवाला अंड्यापासून प्रौढ होण्यास उबदार हवेत साधारण दोन-तीन महिने लागतात. जमीन आधी खोलवर भिजावी लागते, मातीतल्या बारीक किड्यांची पैदास व्हावी लागते, गवत गुडघ्यापर्यंत येऊन खालची माती सावलीत जावी लागते. मघा-पूर्वापर्यंत हे सगळं जुळून येतं. हस्ताच्या सरी आणि मधूनमधून पडणारं ऊन त्याला मानवतं. नुसतं पाणीही चालत नाही. तुंबलेल्या, दिवसेंदिवस बुडालेल्या जमिनीत तो तग धरत नाही. त्याला हवी असते ओलसर पण बुडालेली नसलेली माती, म्हणजे धानाच्या बांधीपेक्षा तिची पाळ, नाल्यापेक्षा नाल्याचा काठ. आणि बांधीत पाणी भरलं की उंदरांची बिळंही बुडतात, ते त्याच पाळीवर आणि काठावर सरकतात. यजमान आणि पाहुणा अशी दोघांची गाठ त्या चिंचोळ्या पट्ट्यात पडते.

हा पट्टा हेरणं ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर स्क्रब टायफसने सैनिकांना हैराण केलं. तेव्हा इम्फाळला संशोधन करणारे जे. राल्फ ऑडी पुढे मलायातही याच कामात राहिले. चिगर रानभर सारखे पसरलेले नसतात, त्यांची बेटं असतात, ही कल्पना त्यांनी रुजवली. एका बाजेएवढ्या जागेत चिगर गवताच्या टोकावर झुंडीने बसलेले, आणि चार पावलांवर एकही नाही, असं प्रत्यक्षात घडतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू स्वतःहून फार लांब जात नाही. ते गवतावर थोडंसं वर चढतं, जाणाऱ्या प्राण्याचा श्वास आणि स्पर्श यांची वाट पाहतं. त्याला लांब नेतो तो उंदीर, आणि जिथे उंदराची रोजची वाट तिथेच ते गळून पडतं. ऑडींच्या कामातली दुसरी गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे: ही बेटं घनदाट जंगलापेक्षा माणसाने मोडलेल्या आणि मग सोडून दिलेल्या जमिनीवर जास्त माजतात.

आता तुमच्या गावात अशा जागा कोणत्या, ते बघा. पडीक वावर आणि पेरलेलं वावर यांच्यामधला धुरा. घाणेरी आणि गाजरगवत माजलेली गावठाणाची कडा. शाळेच्या कुंपणामागची जागा. स्मशानाची वाट. गोठ्यामागे रचलेली लाकडं, तुराट्या-पराट्यांचे ढीग, शेजारी उकिरडा. शहराच्या कडेला पाडलेले, विकलेले आणि वर्षानुवर्षं बांधकामाशिवाय पडून असलेले प्लॉट तर माझ्या मते शहरी माणसाचं सगळ्यात दुर्लक्षित रान आहे. एका बाजूला सोसायटीचा कचरा म्हणजे उंदरांचं खाणं, दुसऱ्या बाजूला कंबरभर गवत म्हणजे चिगरची ओल, आणि मधून सकाळी फिरायला जाणाऱ्यांची पायवाट.

हंगामाचा हिशेब मात्र प्रत्येक मुलखाचा निराळा. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस उशिरा येतो, म्हणून तिथे वेल्लोरच्या बाजूला या आजाराचे रुग्ण थंडीच्या महिन्यांत जास्त असतात. हिमाचलात जोर पावसाळ्याच्या शेवटी, जनावरांसाठी डोंगरउतारावरचं गवत कापायचं काम निघतं तेव्हा. जपानमध्ये अकिता, यामागाता, निगाता इथल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना हा ताप पूर्वी उन्हाळ्यात येई. युद्धानंतर तिथेच वेगळ्या जातींच्या माइटमुळे शरद आणि वसंतात रुग्ण दिसू लागले. पुण्या-मुंबईहून हिमाचलात ट्रेकला जाणाऱ्यांनी आणि वेल्लोरला नातेवाइकाच्या उपचारासाठी महिनाभर राहणाऱ्यांनी आपल्याकडचं पंचांग तिथे लावू नये.

आता कामाचा क्रम. उंदीर मारायचे ते मे आणि जूनच्या सुरुवातीला. त्या वेळी शेतं मोकळी असतात, बिळं दिसतात, खायला कमी असल्याने आमिष चटकन घेतलं जातं, आणि मुख्य म्हणजे कोरड्या जमिनीवर चिगरही कमी असतात. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने लिंपून टाका. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच नांदती. औषध तिथेच घाला. झिंक फॉस्फाइड असो की ब्रोमॅडिओलोन, प्रमाण कृषी सहायकाला विचारूनच घ्या, आणि मुलं, कुत्री, कोंबड्या यांच्यापासून आमिष दूर ठेवा. एकट्याने केलेल्या मोहिमेत अर्थ नाही. शेजारच्या वावरातले उंदीर पंधरवड्यात तुमच्या रिकाम्या बिळांचा ताबा घेतात. गावाने मिळून एकाच आठवड्यात करायला हवं.

जुलैत, आषाढ सरता सरता, बांध आणि वाटा साफ करा. हे काम ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपलंच पाहिजे. सप्टेंबरमध्ये रुग्ण निघाल्यावर ग्रामपंचायत मजूर लावून गवत कापायला घेते, तेव्हा ती त्या मजुरांना नेमक्या चिगरच्या तोंडी देते. उशीर झालाच असेल तर कापणाऱ्याच्या अंगावर पूर्ण कपडे आणि पायांत बूट हवेत. सगळा परिसर खरवडायची गरज नाही. घराभोवती, शाळेभोवती आणि पायवाटेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन मीटरचा पट्टा मोकळा झाला, जमिनीवर ऊन पडलं, की वरचा थर सुकतो आणि चिगरला तिथे राहणं अवघड होतं. कापलेलं गवत तिथेच ढीग करून ठेवू नका. त्याखाली पुन्हा ओल, सावली आणि उंदराला आसरा, तिन्ही तयार होतात. धुरा पेटवून देण्याची रीत जुनी आहे, पण तिचा फायदा टिकत नाही. मातीत खाली असलेले प्रौढ माइट वाचतात आणि चार सरींत गवत परत येतं.

ऑगस्ट ते नोव्हेंबर उंदरांच्या मागे लागू नका, असं मी म्हणतो तेव्हा बऱ्याच जणांना पटत नाही. पण विचार करा. या काळात बहुतेक माइट उंदराच्या अंगावर नसतात, जमिनीत आणि गवतावर असतात. उंदीर एकदम कमी झाले तर गवताच्या टोकावर वाट पाहणाऱ्या पिल्लांची भूक काही कमी होत नाही. समोर येईल त्या पायाला ती चिकटतात. उंदीर मारणं अटळच असेल, म्हणजे घरात फारच झाले असतील, तर आधी बिळं आणि आसपासची जागा माइटनाशकाने फवारून किंवा भुकटी टाकून घ्यायची आणि मगच उंदरांना हात घालायचा. हे काम आरोग्य खात्याच्या माणसाकडून करून घ्या.

आधी किडा, मग उंदीर, हा क्रम महाराष्ट्राला अनोळखी नाही. 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले आणि पिसवांचा सुळसुळाट झाला. त्यानंतर तिथे गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण निघाले. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य तसंच राहिलं आणि उंदीर वाढले, हे एक कारण तेव्हा सांगितलं गेलं. तिथेही भर होता तो पिसवा मारण्यासाठी बिळांत भुकटी टाकण्यावर, कारण मेलेला उंदीर थंड पडला की पिसवा नवा यजमान शोधतात. एक फरक लक्षात ठेवा. प्लेगमध्ये उंदीर पडतात आणि गाव सावध होतं. आजोबा-पणजोबांच्या काळात उंदीर पडले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालत. स्क्रब टायफसमध्ये उंदीर धडधाकट असतो. त्याच्याकडून कसलीही आगाऊ खबर मिळत नाही.

शहरातल्या फ्लॅटमध्ये प्रश्न वेगळा. तिथे त्रास देतो तो घरट्यात राहणारा ऑर्निथोनिसस, आणि त्याला पावसाळा लागत नाही. माळ्यावर, फॉल्स सीलिंगमध्ये, एसीच्या डक्टमध्ये किंवा किचन ट्रॉलीमागे उंदराचं घरटं असतं. उंदीर विष खाऊन मरतो किंवा जाळीत सापडतो, आणि थोड्याच दिवसांत घरातल्यांना कमरेच्या पट्ट्याखाली, मनगटाशी, मानेवर खाजरे लाल फोड येऊ लागतात. डॉक्टर खरजेचं मलम देतात, घरचे ढेकणांसाठी गाद्या उन्हात टाकतात, फोड थांबत नाहीत. हे माइट उपाशीपोटी कित्येक आठवडे जगतात. उपाय घरट्यात आहे. ते शोधून, हातमोजे घालून, पिशवीत बांधून बाहेर काढा; त्या जागी फवारणी करून घ्या; मग भोक जाळीने आणि सिमेंटने बुजवा. खिडकीत किंवा एसीच्या युनिटमागे कबुतराचं घरटं असेल तर तेही तपासा. पक्ष्यांच्या घरट्यातले माइट हाच प्रताप करतात आणि दोष उंदरावर येतो.

इमारतीची रचनासुद्धा माइटचं हवामान ठरवते. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका गृहसंकुलात लोकांना अनोळखी ताप आणि अंगावर पुरळ येऊ लागला. डॉक्टर चक्रावले. चार्ल्स पोमरँट्झ या कीटकनियंत्रण करणाऱ्या, स्वतःहून कीटकशास्त्र शिकलेल्या माणसाने तळघरात, कचरा जाळण्याच्या भट्टीच्या आसपास, घरातल्या छोट्या उंदरांवरचे माइट शोधून काढले. भट्टीत अन्नाचे अवशेष पडत म्हणून उंदीर येत, आणि भिंती कोमट राहत म्हणून माइट नांदत. त्या आजाराला पुढे रिकेट्सियलपॉक्स नाव मिळालं. आपल्या इमारतींत भट्ट्या नसतात, पण जुन्या घरांतले कचऱ्याचे शाफ्ट, लिफ्टखालचे खड्डे आणि वॉचमनच्या खोलीमागचं अडगळीची जागा असतेच. सोसायटीच्या बैठकीत रंगरंगोटीच्या आधी हा विषय घ्यायला हवा.

आता रानात काम करणाऱ्यांसाठी अंगाची काळजी. पूर्ण बाह्या, पॅन्टचे पाय मोज्यांत खोचलेले, शक्य तर गमबूट. उघड्या कातडीला डीईईटी असलेलं किडे पळवणारं मलम लावा. कपड्यांना परमेथ्रिन मारता येतं, मात्र ते कातडीला लावायचं नाही. जेवायला, टेकायला गवतावर बसू नका, ताडपत्री अंथरा. शर्ट किंवा टॉवेल काढून झुडपावर टाकू नका, आणि धुतलेले कपडे गवतावर वाळत घालू नका. निंदणाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला धुऱ्यावर कापड टाकून निजवतात. त्याऐवजी झाडाला झोळी बांधा. उघड्यावर शौचाला बसणं हा या आजारात मोठा धोका आहे, कारण माणूस नेमका झुडपाच्या आडोशाला, नेमक्या उघड्या अंगाने बसतो. घरी आल्यावर साबणाने अंग घासून आंघोळ करा, कपडे त्याच दिवशी गरम पाण्यात टाका.

गावात सर्वेक्षणाला पथक आलं तर त्यांच्या कामाची एक संज्ञा माहीत असू द्या: चिगर इंडेक्स. पिंजऱ्यात पकडलेल्या उंदरांवर मिळालेल्या चिगरची सरासरी. ती 0.69 च्या वर गेली की धोका वाढला असं मानतात. म्हणजे दहा उंदरांवर मिळून सात चिगर सापडले तरी सूचना द्यायची वेळ आली. पण सरासरीवर विसंबू नका. बेटांमुळे असं होतं की एका उंदराच्या कानात ढीगभर चिगर आणि बाकीचे नऊ कोरे. सरपंचांनी पथकाला तीन गोष्टी विचाराव्यात: किती उंदरांवर चिगर मिळाले, ते उंदीर गावाच्या कोणत्या बाजूचे, आणि पिंजरे कोणत्या महिन्यात लावले होते. मेमध्ये काढलेला शून्य हा सप्टेंबरसाठी दिलासा नव्हे. हौसेने मेलेला उंदीर उचलून त्याचे कान तपासायला मात्र जाऊ नका.

आणि ताप आलाच तर. चिगर चावल्यावर सहा ते एकवीस दिवसांत, बहुधा दहा-बारा दिवसांनी, थंडी वाजून ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चावल्याच्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली असते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. काख, जांघ, कमरेचा पट्टा, स्तनांखाली, कानामागे, नाभीत बघा. संकोच बाजूला ठेवून घरच्या माणसाकडून बघून घ्या. सगळ्यांनाच खपली येते असं नाही. प्लेटलेट डेंग्यूत उतरतात तशा यातही उतरतात, म्हणून नुसत्या त्या आकड्यावरून डेंग्यू ठरवू देऊ नका. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं इथे चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं, गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन देतात, आणि वेळेवर सुरू केलं तर ताप सहसा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू असं एकेक बिघडत जातं. औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका, पण डॉक्टरांना विचारायला वाट पाहू नका. "मागच्या पंधरा-वीस दिवसांत मी धुऱ्यावरचं गवत कापलं," किंवा "प्लॉटवर कुंपण घालायला गेलो होतो," एवढं एक वाक्य त्यांना आपणहून सांगा. ते ऐकलं की स्क्रब टायफसची तपासणी त्याच दिवशी लिहून दिली जाते.